सकल संतांची पूर्वरात्र आणि मुलांचीं रंगविलेलीं तोंडें

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवळाची उभारणी, वेदी, घंटा आणि पूर्वींचे धर्मगुरु ह्यांची हकीकत यावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आणि ती हकीकत अधिकारी लेखकांनीं ह्याच पुस्तिकेंत दिलेली आहे. आम्हीं मात्र येथें एका लहानशा व वरवर पाहतां पोरकट वाटणाऱ्या चालीचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, 'हॅलोवीन' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रात्रीं, आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिका व कॅनडा ह्या देशांतील कित्येक घरांतून आईबाप आपल्या मुलांचीं तोंडें रंगवितात, ती ही चाल होय. तिचा आपल्या देवळाशीं काय संबंध, असें कोणी विचारील, तर त्यास उत्तर म्हणून एक प्रसंगच सांगतों.

गतवर्षीं सकल संतांच्या सणाच्या दिवशीं, सकाळची मिस्सा आटोपून मंडळी देवळाच्या आवारांत उभी असतां, आमच्या धर्मग्रामांतील एक वृद्ध आजीबाई हातांत मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांची लेक कॅनडांत असते. तिकडे अद्याप आदली रात्र सरली नव्हती. लेकीनें नुकतेंच एक छायाचित्र पाठविलें होतें. त्यांत सहा वर्षांचा नातू स्वयंपाकघरांतल्या स्टुलावर बसलेला दिसत होता. तोंड पांढरें फटक, डोळ्यांभोंवतीं काळीं वर्तुळें, ओठांवर उभ्या रेघा ओढून केलेले दांत. थोडक्यांत म्हणजे कवटीचें सोंग. शेजारीं लेक हातांत कुंचला घेऊन हसत होती. आजीबाई म्हणाल्या, "बाबांनो, उद्यां मी ह्याच्या आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जायची, आणि हा पोर तिकडे मड्याचं सोंग घेऊन हसतोय. हें पाप तर नव्हे ना?" आमच्यापैकीं एकानें तत्काळ 'पापच' म्हटलें, दुसऱ्यानें 'छे, नुसती गंमत' म्हणून तो प्रश्न हसण्यावारी नेला. आजीबाईंचें समाधान दोहोंनींही झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर घाईनें देतां येत नाहीं, त्याचा इतिहास आधीं पाहावा, ह्या बुद्धीनें आम्हीं जें वाचलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम नांवाचा विचार करूं. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेंत संत, आणि 'ईन' हें संध्याकाळ ह्या अर्थाच्या शब्दाचें झिजलेलें रूप. तेव्हां हॅलोवीन म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. नांव तरी पाखंड्यांचें नव्हे; तें पवित्र सभेच्या पंचांगांतूनच निघालेलें आहे.

आतां तारीख. इ. स. ६०९ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस पोप चौथे बोनिफास ह्यांनीं रोम शहरांतील पँथिऑन नांवाचें पुरातन देवालय पवित्र मरियेस व सर्व हुतात्म्यांस अर्पण केलें. पुढें इ. स. ७३१ ते ७४१ पर्यंत गादीवर असलेले पोप तिसरे ग्रेगरी ह्यांनीं संत पेत्राच्या मंदिरांत सर्व संतांच्या नांवें एक प्रार्थनास्थान उभारिलें, आणि इ. स. ८३५ मध्यें पोप चौथे ग्रेगरी ह्यांच्या प्रेरणेनें फ्रँक लोकांचा सम्राट लुई ह्यानें नोव्हेंबरच्या १ तारखेचा हा सण आपल्या सर्व राज्यांत लागू केला. इ. स. १००० च्या सुमारास क्लूनीच्या मठाचे अधिपति संत ओदिलो ह्यांनीं आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणार्थ पाळण्याचा नियम केला, व तेथून तो सर्वत्र पसरला. अशा रीतीनें संतांचा दिवस व मृतांचा दिवस एकमेकांस लागून आले. आणि त्यांची जी पहिली रात्र, तीच ही ३१ ऑक्टोबरची रात्र.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा परामर्ष घेणें अवश्य आहे. आयर्लंडांत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीं 'साविन' नांवाचा सण ह्याच सुमारास होत असे, व तो बुजविण्यासाठींच पवित्र सभेनें आपला सण तेथें नेऊन बसविला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. साविन हा सण खराच होता. हिवाळ्याचा तो आरंभ. डोंगरावरील कुरणांतून गुरें खालीं आणावयाची, आणि त्या रात्रीं परलोकाचीं दारें उघडतात असें मानावयाचें, अशी ती वेळ. परंतु प्राचीन आयरिश संतनामावळ्यांत सकल संतांचा सण २० एप्रिल ह्या तारखेस दिलेला आहे. १ नोव्हेंबर ही तारीख युरोपच्या खंडभूमीवरून मागाहून तेथें गेली. म्हणजे सण साविनवरून उचलला असें म्हणण्यापेक्षां, दोन सण एके ठिकाणीं येऊन पडले व लोकांनीं ते एकमेकांत मिसळले, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

मुलें दारोदार जातात ती रीत कोठून आली? तिचें एक मूळ निःसंशय मृतांसाठीं करावयाच्या प्रार्थनेंत आहे. इंग्लंडांत ह्या दिवसांत गरीब माणसें व मुलें घरोघर फिरत. घरधनी त्यांस लहान गोड पोळ्या देई. आणि त्या पोळ्यांच्या बदल्यांत त्यांनीं त्या घरच्या मृतांसाठीं देवाची करुणा भाकावयाची. त्या पोळ्यांस 'आत्म्यांच्या पोळ्या' असेंच नांव होतें. दाता अन्न देतो, याचक प्रार्थना देतो, आणि लाभ होतो तो दोघांच्याही नजरेआड असलेल्या तिसऱ्यास. ह्याहून सुंदर व्यवहार दुसरा कोणता?

पुढें धर्मक्रांति झाली. १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें आपले ९५ मुद्दे माइंत्सच्या आर्चबिशपांकडे धाडिले, तेही ३१ ऑक्टोबर ह्याच तारखेस. १५४७ सालीं इंग्लंडांत राजा सहावा एडवर्ड ह्याच्या अमदानींत, मृतांसाठीं मिस्सा करण्याकरितां ठेविलेले निधि कायद्यानें जप्त झाले. शुद्धिस्थानावरील श्रद्धा राज्याच्या मतें निषिद्ध ठरली. तरी मुलांनीं दार ठोठावणें कांहीं थांबलें नाहीं. प्रार्थना गेली, पोळी राहिली. श्रद्धेचें झाड तोडल्यावर चालीरीतींचीं मुळें जमिनींत कशीं जिवंत राहतात, ह्याचें हें उदाहरण होय.

आतां तोंड रंगविण्याकडे वळूं. स्कॉटलंड व आयर्लंड येथें ह्या रात्रीं तरुण मंडळी व मुलें वेष पालटून निघत. अंगावर आईबापांचे जुनेपुराणे कपडे, कधीं उलटे घातलेले. आणि तोंडास चुलींतली काजळी किंवा राख. सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत व तोच कंदील हातांत घेत. १८९५ सालच्या स्कॉटलंडांतील एका नोंदींत असे सोंगाडे सलगमाचे कंदील घेऊन घरोघर गेल्याचें व त्यांस पोळ्या, फळें व पैसे मिळाल्याचें वर्णन आहे. तेथें फुकट कांहीं मिळत नसे; गाणें म्हणावें, नकला कराव्या किंवा कोडें घालावें, मगच ओंजळींत सफरचंद अथवा अक्रोड पडे. कवि रॉबर्ट बर्न्स ह्यानें १७८५ सालीं ह्याच रात्रीवर एक दीर्घ काव्य रचिलें. त्यावरून ती रात्र तेथील शेतकऱ्यांच्या घरांत किती मुरलेली होती हें दिसून येतें.

तोंडास काजळीच कां? पहिलें कारण अगदीं साधें: ती घरांत असते व तिला पैसे पडत नाहींत. दुसरें कारण लोकसमजुतीचें. त्या रात्रीं जे अदृश्य जीव हिंडतात त्यांनीं आपणांस ओळखूं नये, म्हणून आपला चेहरा लपवावा असें मानीत. तिसरें कारण शेजारधर्माचें. शेजाऱ्यानें दारांत उभ्या असलेल्या मुलास ओळखावयाचें नाहीं, हा त्या खेळाचा नियमच होता. रोजचा ओळखीचा मुलगा त्या रात्रीं परका होऊन येतो, आणि त्या परक्यास दार उघडून खाऊ द्यावयाचा असतो.

ही कल्पना आपणांस अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत बहुरूपी नानाप्रकारचीं सोंगें घेऊन दारोदार येत, आणि घरधनी त्यांची कला पाहून त्यांच्या पदरांत कांहीं टाकी. त्याचप्रमाणें आपल्याकडील कित्येक आया बाळास न्हाऊंमाखूं घातल्यावर त्याच्या गालावर काजळाची तीट लावितात. बाळ फार गोजिरवाणें दिसूं नये व त्यास दृष्ट लागूं नये, हा तिचा हेतु. स्कॉटलंडची माता आणि आपली माता ह्या दोघींनीं एकमेकींस कधीं पाहिलें नाहीं. पण मुलाच्या तोंडास काजळी फांसतांना दोघींच्या मनांत भीति एकच होती आणि मायाही एकच होती. त्या भीतीस आम्ही धर्म म्हणत नाहीं. मात्र त्या मायेस सैतानाचें काम म्हणण्याचेंही धाडस आम्हांस होत नाहीं.

१८४५ पासून १८५२ पर्यंत आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारें १० लक्ष माणसें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेलीं. हे लोक बहुतेक कॅथलिक. त्यांच्या गांठोड्यांत जपमाळ होती, तशीच ही रात्रही होती. नव्या देशांत सलगमापेक्षां लाल भोपळा मोठा व कोरण्यास सोपा म्हणून कंदील भोपळ्याचा झाला. काजळीची जागा जाळलेल्या बुचानें घेतली. बाटलीचें बूच मेणबत्तीवर धरून जाळावयाचें, थंड होऊं द्यावयाचें, आणि त्याच्या काळ्या टोकानें मुलाच्या ओठावर मिशा व गालांवर दाढी काढावयाची. किती पिढ्यांच्या अमेरिकन मुलांची हॅलोवीनची पहिली मिशी अशी बुचाची असेल, ह्याची गणती करणें कठीण.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें ह्या रात्रीस दांडगाईचें रूप येऊं लागलें. फाटकें उचलून नेणें, खिडक्यांस साबण फांसणें, ह्यापासून मालमत्तेच्या नासधुशीपर्यंत मजल जाई. तेव्हां 'खाऊ द्या, नाहींतर खोडी काढूं' अशा अर्थाचा जो सौदा मुलें दारांत करीत, तो हळूहळू रूढ झाला. १९२७ सालच्या कॅनडांतील आल्बर्टा प्रांताच्या वृत्तपत्रांत त्याचे शब्द छापलेले आढळतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४७ पर्यंत, अमेरिकेंत साखरेवर नियंत्रण होतें; तें उठल्यावर ही चाल वणव्यासारखी पसरली. १९५० सालीं फिलाडेल्फिया शहरांत कांहीं मुलांनीं खाऊसोबत युद्धानें होरपळलेल्या देशांतील मुलांसाठीं नाणीं गोळा केलीं, व त्यांतून संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठीं दरवर्षीं पैसे जमविण्याची प्रथा सुरू झाली. दारांतल्या याचनेंतून नजरेआडच्या तिसऱ्याचा लाभ, हें जुनें तत्त्व येथें नव्या वेषांत पुनः प्रकट झालें असें आम्हांस वाटतें.

मुलांच्या गालांपर्यंत जे रंग आले, त्यांचा इतिहासही थोडक्यांत सांगणें जरूर आहे. कारण त्यांत एक धडा आहे. युरोपांतील नटनटी व श्रीमंत स्त्रिया शतकानुशतकें तोंडास शिशाची पांढरी भुकटी लावीत. ती चमके छान, पण शिसें हें विष असल्यामुळें कातडी व प्रकृति दोहोंचाही नाश करी. लुडविग लाइख्नर नांवाच्या एका जर्मन संगीत-नाटकांतील गायकानें शिशावांचून चरबींत कालविलेल्या रंगांच्या कांड्या तयार केल्या, व १८७३ सालीं बर्लिन येथें त्यांचा कारखाना काढिला. १९१४ सालीं लॉस एंजेलिस येथें मॅक्स फॅक्टर ह्या पोलंडांतून आलेल्या कारागिरानें चित्रपटांसाठीं अधिक पातळ, तडा न जाणारा रंग काढिला. आणि १९३७ च्या सुमारास त्याच्याच पेढीनें ओल्या स्पंजानें लावावयाची सुकी वडी बाजारांत आणिली. आज मुलांसाठीं जे रंगांचे डबे मिळतात, त्यांतील वड्याही पाण्यानेंच विरघळतात व पाण्यानेंच निघतात.

मधल्या काळांत, म्हणजे १९५० नंतरच्या कांहीं दशकांत, दुकानांतून पातळ प्लास्टिकचे मुखवटे फार खपले. ते स्वस्त होते, पण डोळ्यांचीं भोकें लहान. मुलास बाजूचें दिसत नसे, आंत घाम येई, आणि अंधाऱ्या रस्त्यावर गाडी आली तर ती कळत नसे. म्हणून मुखवट्यापेक्षां तोंड रंगविणें बरें, असा सल्ला तेथील बालरोगतज्ज्ञ देऊं लागले. अशा रीतीनें, बाजारांत गेलेलें सोंग पुनः घरांत आलें आणि मुलाचा चेहरा पुनः आईच्या हातांत आला.

तें काम घरीं कसें चालतें हेंही पाहण्यासारखें आहे. मुलाचें तोंड धुऊन कोरडें करितात व केस मागें बांधितात. त्यास उजेडाकडे तोंड करून स्टुलावर बसवितात. स्पंज अगदीं थोडा ओला करून वडीवर फिरवितात आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पातळ थर देतात. पाणी जास्त झालें तर रंग ओघळतो व वाळल्यावर त्यास भेगा पडतात. पहिला थर वाळल्यावांचून दुसरा देत नाहींत. नंतर बारीक कुंचल्यानें रेघा: मांजराच्या मिशा, वाघाचे पट्टे, कवटीचे दांत. डोळ्यांच्या कडांस व ओठांच्या आंत रंग जाऊं देत नाहींत. ज्यांस विकतचा रंग नको असतो, ते मक्याचें पीठ, कोल्ड क्रीम, थोडें पाणी आणि खाण्याचा रंग एकत्र घोटून घरींच लेप करितात. ह्या सर्व वेळांत मूल दहा-पंधरा मिनिटें अगदीं स्तब्ध बसतें, आणि आई त्याच्या चेहऱ्याकडे इतक्या जवळून पाहते, जितकें इतर दिवशीं तिला फावत नाहीं. ज्यांनीं आपल्या लेकरास तान्हेपणीं मांडीवर घेऊन काजळ घातलें आहे, त्यांस ह्या घटकेचें मोल सांगावयास नको.

तरी सावधगिरीची आवश्यकता आहेच. शिशाचा जो धडा वर सांगितला, तो अद्याप संपलेला नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील एका ग्राहकसंघटनेनें मुलांच्या तोंडास लावण्याचे १० रंग प्रयोगशाळेंत तपासून घेतले. त्या दहांतही अल्प प्रमाणांत शिसें आढळलें, आणि सहांत निकेल, कोबाल्ट किंवा क्रोमियम ह्यांपैकीं कांहीं धातु सांपडले. तेथील अन्न व औषध प्रशासन असें सांगतें कीं, कांहीं रंग त्वचेस चालतात पण डोळ्यांजवळ चालत नाहींत. रंग आधीं दंडावर थोडासा लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. पुरळ उठली तर तो वापरूं नये. आणि निजण्यापूर्वीं तोंड धुवावें. चित्रकलेचे रंग कातडीसाठीं केलेले नसतात, मग डब्यावर ते निर्विष असल्याचें छापलेलें असो वा नसो. हा उपदेश परदेशापुरताच नव्हे. आपल्याकडील शाळांच्या संमेलनांत मुलांचीं तोंडें रंगविणाऱ्यांनींही तो ध्यानांत ठेवावा.

दुसरी एक सावधगिरी मनाची आहे. ज्या जाळलेल्या बुचाचा उल्लेख आम्हीं वर केला, त्याच बुचानें अमेरिकेंत १८३० च्या सुमारापासून गोऱ्या नटांनीं तोंडें काळीं करून निग्रो गुलामांची टिंगल करणारे खेळ रंगभूमीवर आणिले, व ते जवळजवळ शंभर वर्षें लोकप्रिय होते. ज्या माणसांस साखळदंडांत ठेविलें होतें, त्यांच्याच चेहऱ्याची नक्कल करून हंशा पिकविणें, ही काजळीची सर्वांत काळी करणी होय. मांजर, वाघ, विदूषक, देवदूत, वाटेल तें सोंग मुलास द्यावें. परंतु दुसऱ्या माणसाची कातडी ही सोंग घेण्याची वस्तु नव्हे, हें त्यास त्याच वेळीं शिकवावें. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणें निर्माण झाला, असें ज्यांस धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकविलें, त्यांनीं हें विसरतां कामा नये.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे येतों. सकल संतांच्या सणाची पूर्वरात्र म्हणून जी उपासना पवित्र सभेच्या पंचांगांत होती, ती पोप बारावे पायस ह्यांच्या कारकीर्दींत, १९५५ सालीं पंचांग सुटसुटीत करतांना काढून टाकण्यांत आली. म्हणजे ज्या दशकांत रस्त्यावरची हॅलोवीन सर्वांत भरास आली, त्याच दशकांत देवळांतली पूर्वरात्र मावळली. एके काळीं प्रार्थना गेली व पोळी राहिली असें आम्हीं म्हटलें. ह्या वेळीं उपासना गेली व सोंग राहिलें. रिकामी जागा बाजारानें भरली, ह्यांत नवल तें काय?

ही जागा पुनः भरण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पॅरिसच्या धर्मप्रांतांत २००२ सालीं 'होलीविन्स' नांवाचा उपक्रम सुरू झाला. 'पावित्र्याचा जय' असा त्या नांवाचा आशय. त्यांत मुलें भुताखेतांऐवजीं संतांचे वेष घेऊन येतात, गातात व प्रार्थना करितात. आणि ती रीत पुढें इतर देशांतही गेली. मेक्सिकोंत तर कवटीच प्रेमाची खूण झाली आहे. तेथें नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत कुटुंबें मृतांसाठीं घरांत वेदी मांडितात, झेंडूचीं फुलें वाहतात व कबरींपाशीं बसतात. चित्रकार होसे ग्वादालूपे पोसादा ह्यानें १९१० च्या सुमारास झोकदार टोपी घातलेल्या सांगाड्याचें चित्र काढून श्रीमंतीच्या दिमाखाची थट्टा केली. १९४७ सालच्या आपल्या भित्तिचित्रांत दिएगो रिव्हेरा ह्यानें त्याच स्त्रीरूपी सांगाड्यास मध्यभागीं उभें केलें. आज तेथील मुलांमुलींच्या तोंडांवर जी फुलांनीं नटलेली कवटी रंगविलेली दिसते, ती ह्याच चित्राची नात म्हणावयास हरकत नाहीं. मरण सर्वांस सारखें, आणि मेलेलीं माणसें आपलींच, एवढेंच ती कवटी सांगते.

आणि आपणही वर्षांतून एकदां हेंच ऐकत नाहीं काय? राखेच्या बुधवारीं आपण रांगेनें वेदीकडे जातों. गतवर्षींच्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरु आपल्या कपाळावर लावितात. आणि आपण माती आहों व मातीस मिळणार आहों, ह्याचें स्मरण करून देतात. तान्ह्या लेकरांच्या कपाळासही ती राख लागते. तेव्हां चेहऱ्यावर मरणाची खूण करणें हें आपल्या धर्मास मुळींच परकें नाहीं. प्रश्न इतकाच कीं, ती खूण पाहून मनांत काय यावें. भीति आली तर ती खूण व्यर्थ. क्रूरपणाची मौज वाटली तर ती खूण वाईट. पण आपल्या मृतांची आठवण आली आणि दारांतल्या परक्यासाठीं हात पुढें झाला, तर ती खूण निघाली तेथेंच परत पोंचली असें म्हणावें लागेल.

म्हणून आजीबाईंस आम्हीं पुढल्या रविवारीं असें उत्तर दिलें: "आजी, पाप रंगांत नाहीं. रंग रात्रीं पाण्यानें निघून जातो. तुमच्या नातवाचें एवढेंच उणें आहे कीं, त्यास त्या रात्रीच्या पुढचे दोन दिवस कोणी दिलेले नाहींत. तें काम तुमचें." आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तें मी त्याच संध्याकाळीं केलं, बाबांनो. कबरीवरून फोन लावला. त्याला सगळ्या मेणबत्त्या दाखवल्या. तर पोर विचारतो कसा, 'आजोबांचं तोंड कसं होतं?' मग घरीं येऊन लग्नातला फोटो काढून दाखवला." आम्हीं इतकीं पुस्तकें चाळून जेथें पोंचलों, तेथें आजीबाई आमच्या आधींच जाऊन बसल्या होत्या.

प्रिय धर्मग्रामस्थहो, आपल्या महोत्सवाच्या ह्या वर्षीं ज्यांचीं मुलें-नातवंडें दूर देशीं आहेत अशीं घरें आपल्यांत कमी नाहींत. तिकडील चालीरीतींस तीं सामोरीं जाणारच. त्यांस नुसतें 'नको' म्हणून भागणार नाहीं, आणि नुसतें 'चालूं द्या' म्हणूनही भागणार नाहीं. रंगवूं द्या तोंड. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें स्वच्छ धुतलेलें तोंड मिस्सेस घेऊन जा, असें लेकीसुनांस सांगा. तिसऱ्या दिवशीं घरांत एक मेणबत्ती लावून, ज्यांचे चेहरे त्या लेकरांनीं कधीं पाहिले नाहींत त्यांचीं नांवें त्यांच्याकडून उच्चारवून घ्या. हें देऊळ ज्यांनीं आपल्या घामानें उभारिलें, त्यांतील बहुतेक आतां देवळाशेजारच्या मातींत निजलेले आहेत. त्यांची नांवें सातासमुद्रापलीकडे एखाद्या लहान तोंडून निघालीं, तर ह्या महोत्सवाचें त्याहून मोठें सार्थक कोणतें? प्रभु त्यांस चिरशांति देवो, आणि आपल्या लेकरांस त्यांची आठवण देवो.